ग्रंथालय नूतनीकरण: माझ्या प्रकल्प नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२५)

९ जून २०२५

बिल्डिंग ताब्यात आली. फरशी, काच, एसी, नवे दिवे, सगळं झालंय आणि खरंच छान झालंय, जुन्या हॉलमधला तो कोंदट वास गेला याचाच मला किती आनंद आहे. आता टेक्नॉलॉजीचं काम आमच्याकडे आलं, म्हणजे मी (सिस्टिम बघते), सहायक ग्रंथपाल मॅडम, एमलिबचे (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचे) दोन विद्यार्थी आणि आमचे परिचर काका. आरएफआयडी (पुस्तकात टॅग लावून ते रेडिओ लहरींनी ओळखायची सोय), सेल्फ इश्यूची म्हणजे आपलं आपण पुस्तक घ्यायची मशीन, ओपॅकचे (वाचकांनी पुस्तक शोधायच्या कॅटलॉगचे) नवे कॉम्प्युटर, जागा बुक करायचं अ‍ॅप अशी यादी कमिटीने आधीच केलेली आहे आणि सगळ्यांना ऑर्डर लगेच जायला हवी आहे. मी आमच्या प्रमुख सरांकडे तीन आठवडे मागितले. या तीन आठवड्यांत काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त लोक काय करतात ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २० वर्षांपूर्वी यासाठी चक्क मानववंशशास्त्राच्या अभ्यासकाला सोबत घेतलं होतं, मुलांच्या हातात कॅमेरे देऊन तुम्ही कुठे आणि कसा अभ्यास करता त्याचे फोटो काढून आणा म्हणून सांगितलं होतं. आपल्याकडे तेवढं नाही जमणार, पण मजल्याच्या नकाशाची झेरॉक्स आणि पेन्सिल तर आहे. सर म्हणाले, तीन आठवडे म्हणजे तीनच आठवडे.

११ जून

सकाळी ६:४० ला आले. दार ७ ला उघडतं आणि बाहेर ३१ मुलंमुली आधीच रांगेत. जवळजवळ सगळे स्पर्धा परीक्षावाले. दार उघडल्यावर पाच मिनिटांत भिंतीकडच्या सगळ्या जागा गेल्या, कारण प्लग फक्त भिंतीला आहेत. मधल्या टेबलांवर कुणी बसत नाही. खिडकीजवळ रंगीत बीनबॅग ठेवल्यात, त्यांच्यावर दिवसभरात फक्त बॅगा होत्या. दहा दहा तास बसून अभ्यास करणाऱ्याला पाठ टेकायला सरळ खुर्ची लागते, हे खरं तर आपल्याला आधीच माहीत असायला हवं होतं.

एक मुलगी रोज घरून उशी, एक्स्टेन्शन बोर्ड आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन येते. बोर्ड कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माझ्या एका बोर्डवर आम्ही चौघी बसतो, मी नाही आले की त्या मेसेज करतात, बोर्ड पाठवून दे म्हणून."

दुपारी पश्चिमेकडच्या नव्या काचेवर कुणीतरी सेलोटेपने वर्तमानपत्र चिकटवलेलं दिसलं. इंटिरिअरवाले चिडले, लगेच काढायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, आधी फोटो काढते आणि माप घेते. जमिनीपासून सव्वातीन फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत, बरोबर तेवढाच पट्टा झाकलेला होता. बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर दुपारी तीननंतर जिथून ऊन येतं तेवढाच. पडद्याचं माप मुलांनी आपल्याला काढून दिलंय, ते तसंच ऑर्डरमध्ये घातलं.

१७ जून

आज ओपॅक. दहा जणांना एकेक करून बसवलं, प्रत्येकाला त्याच्याच अभ्यासाचं एक पुस्तक शोधायला सांगितलं आणि मनात काय चाललंय ते बोलत बोलत करा म्हटलं. आपण मध्ये पडायचं नाही, काही सुचवायचं नाही. हे न बोलणं फार अवघड जातं, मॅडमनी तर दोनदा तोंडावर हात ठेवला.

एमए मराठीची मुलगी. ग्रामीण साहित्यावरचं पुस्तक हवंय. कीबोर्डवर मराठी अक्षरं नाहीत, मग तिने इंग्रजी अक्षरांत "ग्रामीण साहित्य" टाईप केलं. शून्य. स्पेलिंग बदललं. शून्य. मग स्वतःचा फोन काढला, फोनवर मराठीत टाईप करून बघितलं, ते बघून मॉनिटरकडे बघितलं, इकडे ते कसं आणायचं ते काही सापडेना. सहा मिनिटांनी उठली आणि म्हणाली, "नसेल मॅडम आपल्याकडे, असू दे." पुस्तक होतं. तीन प्रती होत्या, तिन्ही रॅकवर, मी नंतर जाऊन हातात घेऊन बघितल्या.

दहापैकी सहा जणांना पुस्तक मिळालं नाही. त्यातले चौघं तिथून थेट काकांकडे गेले. "काका, ते अमक्याचं पुस्तक कुठंय हो?" काका उठतात, चप्पल घालतात आणि सोबत जाऊन पुस्तक हातात देतात, बहुतेक वेळा दोन मिनिटांच्या आत. म्हणजे गेली कित्येक वर्षं आमचा खरा कॅटलॉग काकाच आहेत आणि ओपॅक नुसतंच चालू आहे. मला रात्री झोप लागली नाही, हे मी लिहून ठेवते.

२० जून

तीन दिवस कोहाच्या (आमच्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरच्या) डेटाबेसमध्ये डोकं घालून बसलोय. मराठी पुस्तकांच्या नोंदींचे तीन थर सापडले.

सगळ्यात खालचा थर जुन्या फॉन्टमधला. त्या काळी मराठी फॉन्ट लावून टाईप करायचे, मागे साठायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे नुसता कचरा. पुढे सॉफ्टवेअर बदलले, डेटा तसाच वाहून आला. दुसरा थर रोमन लिपीतला, जो जो ऑपरेटर आला त्याने त्याच्या कानाला जसं वाटलं तसं स्पेलिंग केलं, "शेतकरी" पाच प्रकारे लिहिलेला आहे. तिसरा थर युनिकोडचा (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत), म्हणजे तो बरोबर असायला हवा, पण तिथेही घोळ.

"ॲ" हे अक्षर घ्या. युनिकोडमध्ये ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण मशीनसाठी एक अक्षर आणि दोन अक्षरं. त्यामुळे नोंद एका पद्धतीची आणि शोधणाऱ्याचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा असेल तर पुस्तक डोळ्यासमोर असून सापडणार नाही. तसंच "ऱ्या"चं. वाऱ्यावर, दऱ्या, किनाऱ्यावर. काहींनी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलंय, काहींनी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकच.

आणि शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी "कांहीं"चं काही झालं, "नांव"चं नाव झालं, "कवि" दीर्घ झाला. पण आपल्याकडची जुनी पुस्तकं त्याआधीची आणि कॅटलॉगिंगचा नियम असा की मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसं छापलंय तसंच शीर्षक उतरवायचं. उतरवणाऱ्यांचं काहीच चुकलेलं नाही. पण आजचा मुलगा अनुस्वार न देता शोधणार, तो तरी कुठे चुकतोय?

१ जुलै

कमिटीची मीटिंग. मी आकडे फार सांगितले नाहीत. त्या मुलीची परवानगी घेऊन तिच्या स्क्रीनचं सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते पूर्ण दाखवलं, मध्ये पळवलं नाही. चौथ्या मिनिटाला एक सदस्य स्वतःच म्हणाले, अहो मराठी कीबोर्ड का नाही तिथे. रेकॉर्डिंग संपल्यावर रॅकवरच्या तीन प्रती टेबलावर ठेवल्या.

ठरलं ते असं: सेल्फ इश्यूची मशीन चारऐवजी दोन. वाचलेल्या पैशांतून मधल्या टेबलांना जमिनीखालून वायरिंग करून प्रत्येक खुर्चीला प्लग, सरळ पाठीच्या खुर्च्या, पश्चिमेच्या काचेला पडदे, ओपॅकच्या कॉम्प्युटरला मराठी अक्षरं असलेले कीबोर्ड आणि स्क्रीनवर फोनसारखं मराठी टायपिंग. नोंदी दुरुस्त करायला एमलिबच्या विद्यार्थ्यांना मानधन. शेवटच्या मुद्द्याला खूप वेळ गेला कारण मशीन दिसतं आणि दुरुस्त नोंद दिसत नाही, पण मंजूर झालं, याचं श्रेय सरांना आहे.

१४ जुलै

सेल्फ इश्यूच्या मशीनचे स्क्रीन कागदावर काढले आणि कँटीनबाहेर बसून मुलांना बोटाने दाबायला लावले. मॅडम मशीन झाल्या होत्या, बटण दाबलं की त्या पुढचा कागद ठेवायच्या. खर्च शून्य आणि दोन तासांत जे कळलं ते महिनाभर मीटिंग घेऊन कळलं नसतं.

शब्दांचा प्रश्न मोठा. तयार भाषांतरात देवघेवीसाठी "परिसंचरण" होतं, मुलं ते वाचून थांबायचीच. "चेकआउट"ला एकाला वाटलं ग्रंथालयातून बाहेर पडताना दाबायचं. मुलं काउंटरवर जे बोलतात तेच ठेवलं: पुस्तक घ्या, पुस्तक परत करा, तारीख वाढवा. आणि आरक्षणासाठी "नंबर लावा", हे एका बीएस्सीच्या मुलाने सुचवलं, त्याक्षणी सगळ्यांना कळलं. अक्षरं मोठी केली, कारण मागे उभ्या असलेल्या मित्राला वाचून सांगता आलं पाहिजे, एकटं कुणी येतच नाही.

२९ जुलै

टॅगिंग जोरात चालू आहे. १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग, आणि टॅगवरचा डेटा आयएसओ २८५६० या ग्रंथालयांच्या आरएफआयडी मानकाप्रमाणेच हवा असं टेंडरमध्ये लिहून घेतलंय, म्हणजे उद्या पुरवठादार बदलला तरी लाखभर पुस्तकांना पुन्हा हात लावायची वेळ येणार नाही. हे कुणी नवीन ग्रंथालय करत असेल तर विसरू नका, कळकळीने सांगते.

कवितासंग्रहांनी त्रास दिला. पातळ पुस्तकं, सगळ्यांना टॅग एकाच जागी लावला, मग रॅकवर शेजारी शेजारी ठेवल्यावर टॅग एकमेकांच्या बरोबर मागे येतात आणि एकमेकांना झाकतात, हातातला रीडर फिरवला की निम्मीच पुस्तकं मोजतो. आता एक वर, एक मध्ये, एक खाली असं चढतं उतरतं लावतोय.

मशीनचं वेगळंच. चार पुस्तकं पॅडवर ठेवली तर तीन वाचायचं, कधी दोन. कंपनीचा इंजिनिअर सकाळपासून सेटिंग बदलत होता, पॉवर कमी जास्त करत होता. काका चहा घेऊन आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे लोखंडी टेबलावर का ठेवलंय?" खरंच, इंटिरिअरवाल्यांनी दिलेलं स्टीलचं टॉप. धातू जवळ असला की या फ्रिक्वेन्सीच्या अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि रॅकच्या बाबतीत आम्ही बोललोही होतो, पण टेबलाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. जुन्या वाचनकक्षातलं सागवानी टेबल मागे गोडाऊनमध्ये पडून होतं, ते काकांनी आणखी एकाला सोबत घेऊन उचलून आणलं. चारपैकी चार. दहा ठेवली, दहा. आता ते टेबल तिथेच राहणार, त्याला फक्त पॉलिश.

१२ ऑगस्ट

आज ग्रंथपाल दिन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घातला आणि यावेळी भाषण न ठेवता स्टाफमधल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, चिठ्ठीवर आपल्या विभागाबाहेरचं एक पुस्तक. काकांना विचारायचं नाही, फक्त पाट्या बघून जायचं. वेळ लावली. लेखा विभागातल्या ताई १४ मिनिटं फिरल्या. पाट्यांवर नुसतं ८९१.४६ लिहिलेलं आहे, ते मराठी साहित्य आहे हे ग्रंथालयवाल्यांनाच माहीत. "वाचकाचा वेळ वाचवा" हा रंगनाथन यांच्या ग्रंथालयाच्या पंचसूत्रांतला चौथा नियम, १९३१ पासून आपण पाठ करतोय.

पाट्या बदलतोय. वर मोठ्या अक्षरात "मराठी कविता", "मराठी नाटक", "मराठी कथा कादंबरी" आणि खाली लहान अक्षरात क्रमांक.

२३ ऑगस्ट

माझ्याकडून चूक झाली, सविस्तर लिहिते. इंडेक्स (शोध ज्यातून होतो ती शब्दसूची) आयसीयू या युनिकोडचे नियम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर नेला, "ॲ"चं दोन्ही रूप एकच धरायचा नियम घातला, मस्त चाललं. मग "ऱ्या"साठी ते न दिसणारं जोडचिन्ह मी सरसकट काढून टाकायचा नियम घातला आणि रात्री पूर्ण रीइंडेक्स लावला. सकाळी मॅडमनी "दर्या" शोधलं तर समुद्राच्या पुस्तकांत डोंगरदऱ्या आल्या. जोडचिन्ह काढलं की दऱ्याचा दर्या होतो, हे मला त्या रात्री सुचायला हवं होतं. मराठीत त्या एका आडव्या फटकाऱ्याने अर्थ बदलतो.

नियम बदलला: जोडचिन्हवाला र जिथे दिसेल तिथे तो आधी ऱ मध्ये बदलायचा, मग उरलेली जोडचिन्हं काढायची. इंडेक्सलाही आणि शोधणाऱ्याने टाईप केलेल्या शब्दालाही, दोन्हीकडे तोच. पुन्हा रीइंडेक्स. आता दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या.

जुन्या शुद्धलेखनाला असा नियम लावता येत नाही, तिथे माणूसच लागतो. छापील शीर्षक तसंच ठेवून मार्कमधल्या (कॅटलॉग नोंदीच्या ठरलेल्या साच्यातल्या) २४६ या फील्डमध्ये आजच्या लेखनातलं शीर्षक जोडायचं, म्हणजे कुठल्याही पद्धतीने शोधलं तरी मिळेल. रोमन थरासाठीही तेच फील्ड. विद्यार्थी रोज जमेल तेवढं करतायत. गणपतीच्या सुट्टीला घरी जाऊनही एकजण करणार म्हणाला, मी नाही म्हटलं, आधी मोदक खा.

९ सप्टेंबर

जागा बुक करायच्या अ‍ॅपची चाचणी. इतिहास विभागातला एमएचा एक दृष्टिहीन विद्यार्थी आला होता, तो लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर. आमच्या अ‍ॅपमध्ये सुंदर नकाशा, रिकामी जागा हिरवी, भरलेली लाल. त्याने हेडफोन काढून आवाज स्पीकरवर लावला आणि आम्हाला ऐकवलं. बटण. बटण. बटण. बटण. शंभरावर खुर्च्या, प्रत्येकीला फक्त "बटण". कुणीही काही बोललं नाही.

मग त्याने शांतपणे सांगितलं की मला नकाशा नकोच, यादी द्या. जागा क्रमांक, दारापासून किती पावलं, प्लग आहे की नाही, रिकामी आहे की नाही. तशी यादी चार दिवसांत केली, आणि डोळस मुलंसुद्धा फोनवर तीच यादी वापरतायत, कारण छोट्या स्क्रीनवर नकाशात बोट लागत नाही.

जाताना त्याने अजून एक सांगितलं. मागच्या दाराला रॅम्प आहे, उतार नियमाप्रमाणे एकास बारा, बांधलाय अगदी व्यवस्थित, पण ते दार कायम कुलूपबंद. किल्ली मेन गेटला. त्याचा व्हीलचेअरवरचा मित्र यायचा तेव्हा आधी गेटवर फोन करायचा, गार्ड जेवायला गेला असेल तर बाहेर थांबायचा. मला याचा फार राग आला आणि तो मी सरांसमोर बोलून दाखवला. दुसऱ्या दिवशीपासून ते दार वाचनकक्षाच्या वेळेत उघडं असतं, तिथे चोरी पकडणारं गेट बसवलं की झालं.

२२ सप्टेंबर

अ‍ॅपमधून एक गोष्ट काढून टाकली. अर्धा तास जागेवर नसलं की बुकिंग आपोआप रद्द होणार होतं. मुलांशी बसून बोललो तर कळलं की मेस कॅम्पसच्या पलीकडे आहे, चालत जाऊन जेवून यायला पाऊण तास लागतो. त्यांनीच सुचवलं, पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर घड्याळाचे काटे, "जेवायला गेलोय" किंवा "गेलेय", निघाल्याची वेळ लावून टेबलावर ठेवायचं. एक तासापर्यंत जागा त्याची. गेले दहा दिवस भांडण नाही.

पुस्तक परत करायची पेटी गेटबाहेर लावली. देवघेव काउंटर साडेपाचला बंद होतो, तालुक्याला जाणाऱ्या मुलींची एसटी ५:४० ची, शेवटचं लेक्चर ५:३० ला सुटतं. त्या एवढी वर्षं दंड भरत होत्या ते आळसामुळे नव्हे.

६ ऑक्टोबर

वन नेशन वन सबस्क्रिप्शन (केंद्र सरकारची जर्नल्स वाचायला देणारी योजना) जानेवारीपासून सुरू आहे, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, आणि आमच्या पीएचडीच्या मुलांपैकी कितीतरी जणांना पत्ताच नव्हता. विभागांच्या दारांवर क्यूआर कोड लावले. पुढचं नंतर.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुन्हा तीच चाचणी, दहा नवीन जण, तीच पद्धत. आठ जणांना स्वतःहून पुस्तक मिळालं. अडलेल्या दोघांपैकी एकाला कुसुमाग्रज हवे होते आणि त्याला फक्त कविता दिसल्या, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाखाली. मराठीत टोपणनावं किती, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, बालकवी आणि ठोंबरे, हे आपल्या कॅटलॉगमध्ये एकमेकांना जोडलेलेच नव्हते. लेखकांच्या अधिकृत नावांच्या नोंदी करून एकीकडून दुसरीकडे "हेही पहा" द्यायचं काम सुरू केलं. दुसरीला हवं होतं जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांतलं एक, ते तर कुठल्याच नोंदीत नाही. ती काकांकडे गेली आणि काकांनी दिलं.

जूनमधली ती एमएची मुलगी आज दिसली, ओपॅकवर मराठीत टाईप करत होती. मी मागे उभी राहिले नाही, लांबून गेले.

२५ नोव्हेंबर

काका मार्चअखेर रिटायर होतायत. मासिकांचे बांधीव खंड कुठे आहेत, कुठले दोन वर्षं एकत्र बांधलेत, कुठल्या खंडात मधले अंक नाहीत, हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात आहे. त्यांना विचारलं, सोबत बसाल का रोज एक तास, तुम्ही सांगा, मी नोंद करते. काका म्हणाले, "बसून नाही आठवणार पोरी, रॅकसमोर उभं राहिलं की आठवतं." मग ट्रॉलीवर लॅपटॉप ठेवायची सोय केली, खाली बॅटरी.

आज पहिला दिवस, १७ खंड झाले. काका खंड काढतात, कण्यावरून हात फिरवतात, आधी बांधणाऱ्याचं नाव सांगतात आणि मग साल. बांधणाऱ्याचं नावही टीपेच्या रकान्यात घालतेय. उद्या चौथ्या ओळीपासून, कारण तिसऱ्या ओळीत खालच्या फळीला वाळवी दिसली, ती आधी पेस्ट कंट्रोलवाल्यांना दाखवायची आहे. सकाळी फोन करणे.